पांढरी पाटी की पिवळी?

साखर कारखान्याचा वजनकाटा बंद पडला की तासाभरात ऊसगाड्यांची रांग केन यार्ड ओलांडून रस्त्यावर येते. ट्रॅक्टरवाले शिव्या घालतात, बैलगाडीवाले वैरण काढून निवांत बसतात आणि शेती अधिकाऱ्यापासून चेअरमनच्या पीएपर्यंत सगळ्यांचे फोन माझ्यासारख्याला यायला लागतात. मी काटे दुरुस्त करतो. कंपनी भोसरीची, पण गिऱ्हाईक सोलापूर, सांगली, कोल्हापूर, धाराशिव, अहिल्यानगर असं चौफेर पसरलेलं. कारखाने बहुतेक गावाबाहेर. एसटी जिथं सोडते तिथून पुढं आठ-दहा किलोमीटर, आणि हातात लोडसेल, मल्टिमीटर, पान्यांची पेटी. म्हणजे चारचाकी लागतेच. वाद असतो तो एवढाच की ती कोणाची असावी, स्वतःची पांढऱ्या नंबरपाटीची की भाड्याची पिवळ्या पाटीची.

आमच्याकडे दोन्ही चालतं. स्वतःची गाडी नेली तर किलोमीटरला १२ रुपये आणि टोल. भाड्याची केली तर बिल जोडायचं. अकाउंट्सवाल्यांचा कल पहिल्याकडे, कारण कागद कमी. तरुण इंजिनिअरांचाही कल पहिल्याकडेच, पण त्यांचं कारण निराळं. त्यांना वाटतं १२ मधले निम्मे खिशात पडतात. आधी तोच हिशेब करू.

समजा गाडी नऊ लाखांची आहे, आठ वर्षं वापरली, सव्वा लाखाच्या आसपास चालली आणि तीन लाखांना गेली. सहा लाख उडाले. एक लाख २० हजार किलोमीटर धरले तर किलोमीटरला पाच रुपये नुसती गाडीची झीज. पेट्रोल १०४ रुपये धरलं आणि ॲव्हरेज १६, तर साडेसहा रुपये. चार टायरना २४ हजार, ते ४० हजार किलोमीटर टिकले तर ६० पैसे. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला सर्व्हिसिंग १२ हजार म्हणजे ८० पैसे, विमा १८ हजार म्हणजे एक रुपया २० पैसे. बेरीज १४ रुपये १० पैसे. कंपनी देते १२. म्हणजे ज्याला आपण कमाई समजत होतो ती कमाई नाही, गाडी थोडी थोडी मोडून विकणं आहे.

पण या हिशेबावर एक रास्त हरकत येते. गाडी घरात आहेच, तिचा विमा भरावाच लागतो, ती नुसती उभी राहिली तरी तिचं मॉडेल जुनं होतंच. मग कामाच्या किलोमीटरवर सगळा बोजा का टाकायचा? बरोबर आहे. उभ्या गाडीचा खर्च वेगळा आणि चालत्या गाडीचा वेगळा. फिरतीमुळे जो जास्तीचा खर्च होतो तेवढाच धरायचा तर पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग आणि झिजेतला अर्धा वाटा, असे दहा रुपये ४० पैसे येतात. १२ मध्ये ते बसतं. महिन्यातून एकदा-दोनदा साताऱ्याला किंवा नगरला जाणाऱ्यानं स्वतःची गाडी खुशाल न्यावी, त्याचं नुकसान नाही. नुकसान होतं ते ‘कंपनी पैसे देतेय’ म्हणून हप्त्यावर मोठी गाडी घेणाऱ्याचं. त्याच्या बाबतीत उभी गाडीही कामासाठीच उभी असते.

आता भाड्याची गाडी. इथं दर विचारून उपयोग नाही, अटी विचाराव्या लागतात. शहरातल्या शहरात ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’ हे पॅकेज. त्यापुढं तासाचे आणि किलोमीटरचे वेगळे पैसे. गावाबाहेर गेलात की दिवसाला किमान किलोमीटर लागू होतात, बहुतेक ठिकाणी ३००, काही ट्रॅव्हल्सवाले २५० धरतात. मीटर तुमच्या दारापासून सुरू होत नाही, गाडी जिथून निघते तिथून होतो आणि ती तिथं परत पोचली की बंद होतो. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल-पार्किंग वेगळं, रात्री उशिरापर्यंत चालवलं तर नाईट चार्ज वेगळा. आणि दिवस म्हणजे २४ तास नव्हेत, रात्री १२ ते रात्री १२. काटा बंद पडल्याचा फोन संध्याकाळी आला, तुम्ही दहाला निघालात आणि दुसऱ्या दिवशी सहाला परतलात, तर तुमच्या लेखी २० तास झाले, बिलात दोन दिवस.

सातारा घ्या. जाणं-येणं आणि तिथलं फिरणं मिळून २४० किलोमीटर. पण मुक्काम पडला तर किमान ६०० किलोमीटर लागतात. १३ रुपयांनी ७,८०० आणि दोन दिवसांचा भत्ता ८००. टोल सोडून ८,६०० रुपये. स्वतःच्या गाडीनं हेच २,८८० मध्ये होतं. इथं भाड्याची गाडी करणं म्हणजे चैन. मात्र कोल्हापूरला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर चित्र पालटतं. जाऊन-येऊन ४८० किलोमीटर धरा. भाड्याचे ६,२४० आणि भत्ता ४००, म्हणजे ६,६४०. स्वतःच्या गाडीचे कंपनी देते ५,७६०. फरक ८८० रुपयांचा. महामार्गाची सध्याची अवस्था पाहता जायला पाच आणि यायला पाच तास. म्हणजे ८८० रुपयांत कंपनीला दहा तासांचं ड्रायव्हिंग विकत मिळत होतं. तेवढे वाचवायचे म्हणून इंजिनिअरलाच ड्रायव्हर करतात आणि वर त्याच्याकडून चार तास काट्याखालच्या खड्ड्यात उतरून काम करून घेतात.

हे मी आमच्या साहेबांना एकदा कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘पण तुम्हाला ड्रायव्हिंग आवडतं ना?’’ आवडतं की. सकाळी सहाला खंबाटकी उतरताना आवडतं. रात्री अकराला, पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, तेव्हा आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. दर हंगामात आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना लाल पट्ट्या लावायची मोहीम काढतात. महिनाभरात त्या पट्ट्या चिखलानं आणि पाचटानं झाकून जातात. समोरून येणाऱ्यानं हेडलाइट डोळ्यावर मारला की मधली ट्रॉली दिसतच नाही. साखरपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीची गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा.

विम्याकडे तर कोणी बघतच नाही. घरच्या गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक छोटा परिच्छेद असतो. त्यात सांगितलेलं असतं की भाड्यानं किंवा मोबदला घेऊन गाडी वापरली, किंवा नमुने आणि स्वतःचं सामान सोडून माल वाहिला, तर ही पॉलिसी लागू नाही. स्वतःच्या कामासाठी स्वतः प्रवास करायला अडचण नाही. पण ‘येताना कंपनीचे सहा लोडसेल त्या कारखान्यातून घेऊन ये’ असा निरोप येतो तेव्हा डिक्कीत पडलेलं ते सामान नमुना की माल? विमा कंपनीला हा प्रश्न ईमेलनं विचारून उत्तर जपून ठेवावं. फोनवर मिळालेलं ‘चालतंय हो’ दाव्याच्या वेळी चालत नाही. आणि त्याच कारखान्याकडे जाणाऱ्या कोणा तिऱ्हाइताला पैसे घेऊन सोबत न्यायचं असेल तर तो विचार सोडूनच द्यावा. तो सरळसरळ भाड्याचा व्यवहार होतो आणि पांढऱ्या पाटीवर त्याला परवानगीच नाही.

नो क्लेम बोनसचं दुखणं त्याहून रोजचं. दावा न करता पहिलं वर्ष काढलं की गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. पोचे काढून घेण्यासाठी एकदा दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. कारखान्याच्या गेटात रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकनं माझ्या एका सहकाऱ्याचं बॉनेट चेपलं. गाडी कंपनीच्या कामावर होती, बोनस त्याच्या घरचा गेला. टीए बिलात हे लिहायला रकाना नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तरी चालू आहे ना, एवढं मात्र फिरतीवाल्यानं आज घरी गेल्यावर बघावं. गाडीच्या हप्त्याबरोबर तो आपोआप आला असेल असं गृहीत धरू नये.

पांढऱ्या पाटीच्या बाजूनं एक नवी गोष्ट मात्र झाली आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो. सुरुवातीचा दर तीन हजार रुपये, आणि मुदत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके लागतात. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे त्या दरानं नाक्याला १५ रुपये. पिवळ्या पाटीच्या गाडीला हा पास नाही, तिला पुरा टोल. पण पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथं एप्रिल २०२३ पासूनचे मोटारीचे ३२० रुपये मोजावे लागतात, आणि समृद्धीवरही पास दाखवून उपयोग नाही. (पास स्वतःच्या पैशानं काढून बिलात पूर्वीचा टोल लावणारे शूरवीर आमच्याकडे निघालेच. अकाउंट्सनं आता फास्टॅगचं स्टेटमेंट मागायला सुरुवात केली आहे.)

मग पिवळी पाटी केली की सुटलो? तसंही नाही. भाड्याच्या गाडीत आपण खरं तर दुसऱ्याची झोप विकत घेतो, आणि ती त्याच्याकडे शिल्लक आहे की नाही हे कोणी तपासत नाही. गेल्या हंगामात पहाटे पाचला सोलापूरच्या दिशेनं निघालो. यवतच्या पुढं ड्रायव्हरनं काच खाली घेतली. बाहेर चांगलीच थंडी होती. मग तो मान चोळायला लागला, मग गाणी मोठी केली. मी विचारलं, ‘‘दादा, काल कुठं होतात?’’

‘‘शिर्डीला, साहेब. रात्री दोनला आलो.’’

‘‘मग झोपलात कधी?’’

‘‘झोपलो की, तास-दीड तास. गाडीतच. मालक म्हणले सकाळची कंपनीची ड्यूटी आहे, सोडू नको.’’

भिगवणच्या अलीकडे एका हॉटेलसमोर गाडी लावायला सांगितली. त्याला म्हटलं, सीट पाडा आणि झोपा. तो आधी नको म्हणाला, मालकाला कळेल म्हणाला. डोकं टेकल्यावर मिनिटभरात घोरायला लागला. मी दोन चहा घेतले, कारखान्याला फोन करून तासभर उशीर होईल सांगितलं आणि त्यांच्या शिव्या ऐकून घेतल्या. तेव्हापासून गाडी सांगताना दर विचारायच्या आधी मी ‘ड्रायव्हर काल कुठं होता’ हे विचारतो. उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे फोन करतो.

मुक्कामालाही तेच. कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये मला खोली, गरम पाणी, जेवणात तुपाची वाटी. ड्रायव्हर यार्डातल्या गाडीत, डासांत आणि रात्रभर वाजणाऱ्या हॉर्नमध्ये. चारशे रुपये भत्त्यात तो लॉज करेल अशी अपेक्षा करणं म्हणजे थट्टा आहे. गेस्ट हाऊसच्या माणसाला सांगितलं की एखादी खाट आणि रग निघतोच, कोणी नाही म्हणत नाही. फक्त ते सांगावं लागतं, आणि ते सांगायचं काम गाडीत मागच्या सीटवर बसणाऱ्याचं आहे. उद्या तोच आपल्याला घाटातून उतरवणार असतो.

पिवळ्या पाटीच्या आणखी एका गोष्टीची घाईतल्या लोकांना चीड येते. टॅक्सीला ताशी ८० ची वेगमर्यादा यंत्रानंच बांधलेली असते. एक्स्प्रेस वेवर सगळे सुसाट जात असताना आपण डाव्या बाजूनं ८० वर. माझं म्हणणं, छान आहे. मागं बसून रिपोर्ट लिहावा.

तिसरी पाटी काळी, तिच्यावर पिवळी अक्षरं. म्हणजे चालक नसलेली भाड्याची गाडी, आपणच चालवायची. गोव्यात ती पावलोपावली दिसते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम निघालं की मी रेल्वेनं मडगावला उतरतो आणि तिथून अशी गाडी घेतो. अंतरं लहान, काम दिवसभराचं, ड्रायव्हर नुसता बसून राहणार. तिथं हे सोयीचं. पण पाटी बघून घ्या. ओळखीतून ‘स्वस्तात देतो’ म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी पुढं करणारे भेटतात. ती भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचं काय होणार ते वर सांगितलंच. ताबा घेताना गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढावा, चारही रिंगा, काचा, खालचा बंपर आणि पेट्रोलचा काटा त्यात यावा. अनामत परत मिळताना जे वाद होतात ते सगळे या पाच मिनिटांच्या आळसातून होतात. कामाच्या प्रवासाला डिझेल-पेट्रोलचं आणि भाड्याचं बिल कंपनीच्या नावानं घ्यावं, हे सांगायला नको.

लांबच्या कामाला मात्र मी हल्ली तिन्ही पाट्या बाजूला ठेवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत संध्याकाळी पुण्याहून सुटते, कुर्डुवाडी घेऊन रात्री सोलापुरात. सकाळी तिथलीच स्थानिक गाडी आठ तास ऐंशी किलोमीटरच्या बोलीनं केली की आसपासचे एक-दोन कारखाने उरकतात. ड्रायव्हर रात्री स्वतःच्या घरी झोपलेला असतो आणि कुठल्या वाडीवरून गेलं की ट्रॅक्टरची रांग टळते हे त्याला माहीत असतं. पैसे पुण्याहून नेलेल्या गाडीपेक्षा कमीच लागतात. अडचण एकच, काटा रात्री बंद पडला तर रेल्वे थांबत नाही. तातडीच्या कामाला ड्रायव्हरसह गाडी, ठरलेल्या कामाला रेल्वे आणि स्थानिक गाडी, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं काम स्वतःच्या गाडीनं. मी असं वागतो. कोणी समृद्धीनं एकट्यानं नागपूरला निघतो म्हणाला तर त्याला मी हात जोडतो. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता उत्तम आहे, आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन तासांनी डोळे उघडे ठेवून झोप लागते हीच त्याची भीती आहे.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं व्यावसायिक चालकासाठी दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांच्या पुढं किमान अर्ध्या तासाची विश्रांती. ती किती पाळली जाते ते भिगवणला मी पाहिलं. पण निदान लिहिलेली तरी आहे. स्वतःच्या गाडीनं फिरणाऱ्या इंजिनिअरच्या, एमआरच्या, बँकेच्या वसुली अधिकाऱ्याच्या चाकामागच्या तासांना कोणीच मोजत नाही. ते नोकरीचे तास नाहीत आणि विश्रांतीचेही नाहीत.

म्हणून टूर मंजूर करणाऱ्या साहेबांना आणि बाईंना एवढीच विनंती आहे. तुमच्या टीए फॉर्ममध्ये तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, टोल, पार्किंग असे रकाने आहेत. त्यात ‘गाडी चालवण्याचे तास’ हा एक रकाना वाढवा. ते तास आणि कामाचे तास मिळून बाराच्या वर जात असतील तर ड्रायव्हर मंजूर करा, नाहीतर रात्रीची खोली मंजूर करा. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. फॉर्म दसऱ्याच्या आत बदलून घ्या.